सव्वा तासाचे अंतर

पुण्याच्या लोहगावाहून नागपूरच्या सोनेगावास आकाशमार्गाने जावे, तर अंतर सुमारे 600 किलोमीटर आणि वेळ सव्वा-दीड तास. दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालणारी आगगाडी बारा-चौदा तास घेते. त्या गाडीने आम्ही प्रतिवर्षी दिवाळीस मातोश्रींकडे जात असू आणि प्रवास लांबचा, म्हणून चांगला पंधरवडा राहत असू. पुढे विमानाची सोय झाली. आम्हांस वाटले, आता काय, केव्हाही जाता येईल! पण 'केव्हाही'ला पंचांगात तिथी नसते. दिवाळ्या गेल्या, मातोश्री वाट पाहत राहिल्या. अखेर आम्ही निघालो, ते दूरध्वनी आल्यावर. विमान ठरल्या वेळी उतरले. उशीर आमचाच झाला होता.