तीन परीक्षक आणि एक मारुत

विमानांच्या मॉडेलांची स्पर्धा म्हटलं की लोकांना रिमोटवर उडणारी विमानं आठवतात. आमची उडत नाहीत. प्लास्टिकचे भाग जोडून, घासून, रंगवून केलेली ही विमानं वर्षातून एकदा चेन्नईतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर मांडली जातात. करणाऱ्याचं नाव लावायचं नसतं, नुसता क्रमांक. अर्थात पंधरावीस माणसांच्या मेळ्यात कोणाचा हात कोणता हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नियम म्हणून ठीक. तीन परीक्षक छोटे टॉर्च घेऊन टेबलांभोवती फिरतात. मी नोकरीभर हिशेब तपासले, म्हणून बेरजा माझ्याकडे.

टॉर्च कशाला, तर सांधे बघायला. किटमधलं विमान उभ्या दोन फाकांत येतं. त्या फाका चिकटवल्यावर मधे जी रेघ उरते ती पुट्टीने भरून, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून नाहीशी करायची असते. तिरका उजेड पाडला की लपवलेली रेघ दिसते. मग दोन्ही पंख सारख्या कोनात आहेत का, डिकलखाली हवा अडकून चंदेरी चकाकी आली आहे का, कॅनॉपीवर गोंदाचे डाग आहेत का, हे पाहतात. रंगाचं तर चेन्नईत वेगळंच दुखणं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाळ्यात लॅकर मारला की दमट हवेने त्यावर दुधासारखी साय धरते. ज्याच्या घरी एसीची खोली आणि एअरब्रश आहे, त्याचं विमान गुळगुळीत होतं. व्यासरपाडीहून येणारा कॉलेजचा मुलगा गच्चीवर ब्रशने रंगवतो. गुणपत्रिकेवर दोघांना एकच रकाना असतो.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत सेलैयूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी मारुत मांडलं. ते हवाई दलात विमानांच्या देखभालीत होते. एचएफ-24 मारुत म्हणजे बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या हाताखाली आखलेलं जेट लढाऊ विमान. पहिलं उड्डाण 17 जून 1961. स्पिटफायरचे किट पेटीगणिक मिळतात. मारुतचा तसा किट दुकानात सहज मिळत नाही. यांनी प्लास्टिकच्या शीटा कापून, लाकडाच्या साच्यावर तापवलेलं पारदर्शक प्लास्टिक ओढून कॅनॉपी करून, सगळं विमान हाताने उभं केलं होतं. एकास बहात्तरच्या प्रमाणात लांबी जेमतेम 22 सेंटिमीटर. मारुतची कंबर मधे बारीक होते, आणि तो बाक शीटमध्ये आणणं फार कठीण. त्यांना तो साधला होता. हवा आत घेणाऱ्या तोंडापाशी मात्र सांधा उघडा दिसत होता, हे कोणालाही कबूल करावं लागलं असतं.

शेजारी एक स्पिटफायर होतं. चांगल्या जपानी किटचं, निर्दोष.

शंभरपैकी गुण असे पडले. मारुतला 78, 76 आणि 41. स्पिटफायरला 70, 71 आणि 75. बेरीज 195 आणि 216. पहिला क्रमांक स्पिटफायर.

तीनपैकी दोन परीक्षकांनी मारुत वर ठेवलं होतं. तरी ते खाली गेलं, आणि बेरजेत कुठेही चूक नव्हती. मी बाकीचे कागद चाळले. पहिले दोघे सगळ्या विमानांना 60 ते 80 च्या आत गुण देत होते. तिसरे 35 पासून 90 पर्यंत मोकळेपणाने फिरत होते. अशा बेरजेत ज्याचा हात सैल, निकाल त्याचा. बाकीचे दोघे मतदान करतात आणि तिसरा ठरवतो. तिसऱ्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: सांधा दिसतो, डावा पंख किंचित वर. दोन्ही खरं होतं.

मी संयोजकांना हे आकडे दाखवले. ते म्हणाले, "सार, नियमात बेरीज लिहिली आहे." निकाल तसाच राहिला, आणि स्पर्धेच्या मधेच नियम बदलू नये हे मलाही मान्य होतं. पण ते गृहस्थ टेबलाशी आले आणि बक्षिसाबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी विचारलं, "माझा कागद बघू शकतो का?" कागद दाखवायची पद्धत नव्हती. ते "परवाइल्लै" म्हणाले आणि विमान बुटाच्या खोक्यात कापसात ठेवू लागले. पंचवीस वर्षं इथे राहूनही या शब्दाशी माझं जमलेलं नाही. आपण मराठीत "पर्वा नाही" म्हणतो तेव्हा तोरा असतो. तमिळ परवाइल्लै म्हणजे असू दे, चालेल, तितकंसं वाईट नाही. त्यांनी यातलं नेमकं काय म्हटलं, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

त्यानंतर वर्षभर आमच्यात या एकाच गोष्टीवर वाद चालला. कोणी म्हणे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण गाळा. डायव्हिंगमध्ये सात परीक्षक असतात, वरचे दोन आणि खालचे दोन गाळले तरी तीन उरतात. आमच्या तिघांतून दोन गाळले तर उरतो एक. मी क्रमांकांची बेरीज सुचवली. त्यात तिसऱ्यांचा सैल हात बांधला जातो, पण अर्ध्या गुणाचा फरक आणि तीस गुणांचा फरक एकाच मापाने मोजला जातो. तेही बरं नव्हे.

खरा पेच दुसराच होता. डायव्हिंगमध्ये उडी किती अवघड हे आधीच तक्त्यात छापलेलं असतं आणि गुणांना त्या आकड्याने गुणतात. कोरी शीट कापून केलेल्या मारुतचा गुणक किती? लहानपणी पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धेत हेच व्हायचं. प्लास्टरचा तयार सिंहगड आणि पोरांनी चिखलात रचलेला राजगड एकाच रांगेत, आणि परीक्षक काका बिचारे हळिवाच्या तटबंदीकडे बघत उभे.

एकमेकांशी तुलना करायचीच नाही, असाही एक मार्ग आहे. अमेरिकेत रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांच्या स्पर्धांत प्रत्येक मॉडेल ठरलेल्या दर्जाशी ताडून सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य देतात. चार जण पात्र असतील तर चौघांना सुवर्ण. आमचे दोन सभासद लगेच म्हणाले, मग मजा काय! मी त्यांना पुरुषोत्तम करंडकाचं सांगितलं. 2022 मध्ये परीक्षकांनी दर्जाचं कारण देऊन मुख्य करंडक कोणत्याच कॉलेजला दिला नव्हता, आणि पुण्यात किती रणं पेटली होती. दर्जाशी ताडलं म्हणून भांडण संपत नाही. फक्त ते शेजाऱ्याशी न होता परीक्षकाशी होतं, आणि माझ्या मते ते तिथेच व्हायला हवं.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. कोरी शीट कापून केलेल्या विमानांचा वेगळा गट. गुण देण्याआधी तिन्ही परीक्षकांनी एकच विमान एकत्र तपासून आपापले हात जुळवून घ्यायचे. आणि कागद ज्याचा त्याला परत. शिवाय उडणाऱ्या स्केल मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून एक नियम उचलला. मूळ विमानाचे फोटो आणि आराखडे स्पर्धकाने स्वतः द्यायचे आणि परीक्षकाने त्यांच्याशीच ताडायचं, स्वतःच्या आठवणीशी नाही. हवाई दलाच्या जुन्या करड्या रंगाची नेमकी छटा कोणती, यावर जाणारे तास तेवढे वाचले.

वेगळ्या गटात पहिल्या वर्षी दोनच विमानं आली. त्यावर "दोघांत कसली स्पर्धा" असं लोक म्हणालेच, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. सेलैयूरचे गृहस्थ यंदा एचटी-2 करताहेत. परवा फोन आला होता. विमानाचे पंख अजून व्हायचे आहेत. फोटोंची फाइल मात्र बांधून तयार आहे, आणि आराखड्याच्या झेरॉक्सवर मापं मिलिमीटरमध्ये लिहावीत की इंचात, हे त्यांना विचारायचं होतं.