पाठमोरीं माणसें

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं पुन्हां विद्यार्थी होण्याची हौस ज्यास येते, त्याचें लोक तोंडावर कौतुक करतात आणि पाठीमागें त्यास हंसतात. आम्हीं नांदेडास छायाचित्रणाच्या वर्गांत नांव घातलें, तेव्हां ह्या दोन्हींचा लाभ आम्हांस झाला. वर्षाच्या शेवटीं प्रत्येकानें एकाच विषयावरील बारा चित्रांची माला प्रदर्शनांत मांडावी, असा वर्गाचा नियम होता. आम्हीं विषय घेतला नगीनाघाटावरील सकाळ.

नांदेडचें जुनें गांव गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. त्यामुळें घाटावर स्नानास उतरलेला मनुष्य दक्षिणेकडे तोंड करून उभा राहतो. आणि माघ महिन्यांत सूर्यही दक्षिणेकडेच झुकून उगवतो. पायऱ्यांवरून पाहिलें म्हणजे समोर लखलखणारें पाणी आणि त्यावर माणसांच्या काळ्या आकृति. कोणी अर्घ्य देत आहे, पंजाबांतून आलेला कोणी यात्रेकरू पगडी बांधीत आहे, कोणी आई लेंकराचें डोकें पुशीत आहे. कॅमेऱ्याचें माप पाण्याच्या उजेडास लावलें कीं माणसें आपोआप काळीं होतात, आणि चित्रास फुकटचें काव्य येतें. तीन आठवड्यांत आम्हीं चारशेंवर चित्रें घेतलीं, त्यांतून बारा निवडलीं, मोठ्या आकारांत छापून आणलीं आणि माजघरांत दोरीवर चिमट्यांनीं टांगलीं. घरच्या मंडळींनीं माना डोलावल्या.

आमचे शिक्षक आले. वयानें ते आमच्याहून लहान. परंतु गुरु तो गुरुच. दोरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन ते म्हणाले, "सुरेख आहेत. पण ह्यांतल्या कोणीच तुम्हांला पाहिलेलें दिसत नाहीं."

आम्हांस प्रथम ही स्तुतीच वाटली. ते गेल्यावर पुन्हां पाहिलें, तों बाराही चित्रें पाठमोरीं! प्रकाश, गूढता, आकृतिबंध असे शब्द आम्हीं मनांतल्या मनांत पुष्कळ जुळविले. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्यांतला एकही टिकेना. खरी गोष्ट एवढीच होती, कीं पाठमोऱ्या माणसास कांहीं विचारावें लागत नाहीं. तीन आठवड्यांत आम्ही त्या घाटावर एकाही माणसाशीं बोललों नव्हतों.

राजा दीनदयाळांचें आम्हांस नेहमींच अप्रूप वाटत आलें आहे. नांदेड ज्या हैदराबाद संस्थानांत १९४८ पर्यंत होतें, तेथील सहाव्या निजामांचे ते छायाचित्रकार. पडद्यांतल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस निराळा स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपियन बाईंच्या हातीं दिला. ज्यांचें तोंड पाहण्याची सोय नाहीं, त्यांच्या संमतीनें तें कसें टिपावें, ह्याची ही केवढी खटपट! आणि आमच्यापुढें तर उघडीं तोंडें उन्हांत उभीं होतीं.

नऊ दिवस उरले होते. तोंडें घ्यावयाचीं तर पाण्यांत उतरावें लागे. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून आम्ही उतरलों. आतां सूर्य पाठीशीं आला, आणि आमचीच लांब सांवली चित्रांत शिरूं लागली. रोज अर्घ्य देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. पूर्वीं ते उस्मानशाही मिलींत साचेवाले होते, हेंही आम्हांस त्याच दिवशीं कळलें. "मामा, एक फोटो घेऊं का?" एवढें वाक्य उच्चारावयास आमच्या जिभेस फार जड गेलें.

"इतके दिस पाठीचा कामून काढलाव?" ते म्हणाले. म्हणजे त्यांनीं आम्हांस पाहिलें होतें!

आम्हांस हवा होता ओंजळीतून पाणी सोडणारा उघडा देह. ते मात्र पायऱ्यांवर गेले, कोरडा सदरा घातला, टोपी नीट केली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जुन्या स्टुडिओंतल्यासारखे ताठ बसले. आम्हीं पाण्याकडे बोट दाखविलें. "ते देवासाठी असतंय," ते म्हणाले, "फोटोत माणसानं ठीकठाक बसाव."

त्या नऊ दिवसांत पुष्कळांनीं होकार दिला, कांहींनीं हात जोडून नकार दिला. लेंकराचें डोकें पुसणारी ती बाई भेटली. तिचें पाठमोरें चित्र मालेंत सर्वांत उत्तम. निमंत्रणपत्रिकेवर तेंच छापावें असें ठरत होतें. आम्हीं तें तिला दाखविलें. "काढून टाका," ती म्हणाली. तोंड दिसत नाहीं, कोण ओळखणार, असें आम्हीं म्हणून पाहिलें. हें आम्हीं म्हणावयास नको होतें. "म्या वळखते की," ती म्हणाली.

घरीं येऊन आम्ही बराच वेळ तें चित्र हातांत धरून बसलों. शेवटीं दोरीवरून उतरलेलें तें चित्र परत दोरीवर गेलें नाहीं. प्रदर्शनांत आमचीं अकराच चित्रें लागलीं; नियमभंगाबद्दल गुण कापले गेले, आणि ते कापणें रास्तच होतें. ताठ बसलेल्या मामांच्या चित्रापुढें एक विद्यार्थी दुसऱ्यास म्हणाला, "हें आधारकार्डासाठीं काढलेलें दिसतें." आम्ही खांबाआड उभे होतों.

प्रदर्शन संपल्यावर मामांस दोन प्रती नेऊन दिल्या. एक त्यांच्या पुण्याच्या मुलासाठीं. ती उन्हाकडे धरून त्यांनीं डोळे बारीक करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"वरलं बटण लावायचं राहिलंय की," ते म्हणाले. "सांगायचं नाही का?"