बोटीला बोट लावू नको

मी लेखक नाही. बोटी घासणारा माणूस.

१९९६ साली भाऊच्या धक्क्याच्या बाजूला एका यार्डात रोजंदारीवर लागलो. पहिलंच काम एका शेटची फायबरची स्पीडबोट. कधीकाळची निळी. मी पाहिली तेव्हा राखेसारखी. तळवा फिरवला तर हाताला खडू लागला.

मिस्त्री म्हणाला, ''घाण नाय ती. उन्हानं जळलीय.''

फायबरवर जेलकोटचा रंगीत थर असतो. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऊन त्याला खातं. वरचा पापुद्रा मरतो, त्याची भुकटी होते. खाली रंग जिवंत असतो. मेलेलं काढायचं, जिवंताला धक्का लावायचा नाही. काम एवढंच.

शेटच्या माणसाला घाई. म्हणे, तेल चोपडा, चमकेल. चमकते की! गर्द निळी दिसते. चार दिवसांत तेल उडतं, धूळ धरते, बोट पुन्हा भकास. असलं तेल आपल्या वस्तीलाही दर इलेक्शनला लावतात. मिस्त्रीनं ऐकलं नाही.

आधी गोड्या पाण्यानं, साबणानं धुतली. वाळूचा एक कण राहिला तरी कागदाखाली येऊन ओरखडा काढतो. जुनं मेण पुसलं. बोट सावलीत ओढली, कारण तापल्या अंगावर कंपाउंड वाळून बसतं. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्याला गुंडाळून, पाणी मारत घासायचं. मग १०००, मग १५००. दोन फूट बाय दोन फूट तुकडा पुरा झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. आधी पांढरं पाणी गळतं, मग निळं. निळं आलं की हात आवरायचा. कडेला थर पातळ. जास्त जोर केला की खालचा फायबर उघडा पडतो, तो घासून भरत नाही. मग सुती फडक्यावर कंपाउंड. शेवटी मेणाचे दोन हात.

नऊ दिवस. बोटांची सालं निघाली. नवव्या दिवशी बोटीत माझं तोंड दिसलं.

पाण्यात सोडताना नारळ फोडायचा होता. मी कडेला धरून उभा. शेटच्या माणसानं आडनाव विचारलं. सांगितलं.

''बाजूला हो. आता बोटीला बोट लावू नको.''

त्या बोटीचा इंच न् इंच माझ्या तळव्याखालून गेला होता. नऊ दिवस विटाळ झाला नाही, नारळ आला आणि झाला. मी काही बोललो नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्यात ओंजळ घालायला शिकवलं; आणि मी १९९६ साली पाण्याच्या काठावर उभा राहून हात मागं घेतला. ती लाज अजून अंगावर आहे. ती कुठल्या कागदानं निघत नाही.

मेण दर काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. त्यांनी लावलं नाही. दोन वर्षांत बोट परत खडूसारखी. ऊन काही शेट बघत नाही. निरोप आला. गेलो. आधी आडनाव सांगितलं, मग रोज सांगितला – दुप्पट. म्हणलं, पाण्यात ढकलताना शेवटचा हात माझा. पटत असेल तर सांगा, नाहीतर तेल लावा.

माणूस गप्प. मग म्हणाला, ''उद्या ये.''

गेलो. शेवटचा हात माझाच होता.

आता हाताखाली वस्तीतली दोन पोरं आहेत. कागदाचे नंबर नंतर शिकवतो. पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: तेल लावायचं नाही, आणि आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगायचं. हात बोटीवरच ठेवून.