भावांची द्राक्षे

यंदा माघीची गर्दी ओसरल्यावर आम्ही पंढरपूरला गेलो. दर्शन झाले आणि परत फिरण्याऐवजी पुतण्याने गाडी अकलूजकडे वळवली. तो धारवाडला शेतकी शिकतो. “दोड्डप्पा, एक वायनरी बघून जाऊ,” म्हणाला. हिचे माहेर कानडी. मागच्या सीटवरून “अय्य शिवने!” एवढेच ऐकू आले. आमचे वडील माळकरी. त्यांच्या फोटोसमोर घरात अजून दारूचे नाव निघत नाही.

माळशिरस तालुक्यातील मोटेवाडीची ही फ्राटेली वायनरी. इटालियन भाषेत फ्राटेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतील दोन-दोन भावांनी २००७ साली ती सुरू केली. वाइन करण्याची बाजू टस्कनीच्या पिएरो मासी यांनी सांभाळली. इथल्या नावाजलेल्या रेड वाइनचे नाव सेत्ते, म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

आम्ही अथणीकडचे, बेदाणेवाले. द्राक्षबाग आम्हाला नवी नाही. तरी इथे पाय थबकला. मांडव नाही, कुंपणासारख्या सरळ ओळी. सांजोवेझेचे मणी बारीक, बियांचे. मणी फुगवण्यासाठी आपण घड औषधात बुडवतो. इथे मणी लहानच हवा असतो, कारण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. घडही मोजकेच ठेवतात. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. वाण इटलीचा असला, तरी छाटणी आपल्याच हवेप्रमाणे!

आत स्टीलच्या उंच टाक्या होत्या. पलीकडे थंडगार खोलीत ओक लाकडाची पिंपे. व्हाइट वाइनसाठी साल आधीच बाजूला काढतात, रेडसाठी रस सालीसकट आंबवतात. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात. पुतण्या म्हणाला, “आपण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करतो. आपण पाणी उडवतो, हे पाणीच ठेवतात.” मी एक घोट घेतला. आंबट, तुरट; जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तसे. हिने पाणी मागितले. पुतण्या गाडी चालवणार होता, त्याने हात लावला नाही.

मला मात्र त्या नावानेच धरून ठेवले होते. आपल्याकडे भाऊ म्हटले की मागोमाग भाऊबंदकी येते. कानडीतही ‘अण्णतम्मंदिरु’ म्हणजे नुसते भाऊ नव्हेत, जमिनीतले वाटेकरीही. वडील गेल्यावर मी बेळगावात घर बांधायला काढले आणि धाकट्याकडे चार एकरांतली वाटणी मागितली. “घे,” एवढेच तो म्हणाला. त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कागद तयार आहे, सह्या राहिल्यात. पण मांडव एक, विहीर एक, बेदाण्याची शेड एक. यातले काय मधोमध चिरायचे, हे कागदात नाही.

परतताना मी पुतण्याला विचारले, “मला मुद्दाम आणलेस ना?” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “अप्पा मांडवाच्या मधल्या ओळीत खुंटी ठोकून आलेत. तिथून तोडायचे म्हणे.” पुढे तासभर कोणी बोलले नाही. भागीदारी म्हटली की तिथेही कागद आणि हिशेब असणारच. पण हिस्सा उत्पन्नातही घेता येतो, त्यासाठी वेल तोडावे लागत नाहीत. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाला हे कळायला मोटेवाडीला जावे लागले.

अथणीला पोचेतो अंधार पडला होता. धाकटा शेडमध्ये बेदाणा निवडत बसला होता. त्याने वर पाहिले आणि पसाभर बेदाणे माझ्यापुढे सरकवले. वाटणीचा विषय दोघांनीही काढला नाही. घर अजून अर्धे आहे आणि पैशाची ओढही तशीच आहे. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. मात्र एप्रिलच्या खरड छाटणीला मी येतो, असे त्याला सांगून आलो आहे.