अनुस्वार आणि मॅक्रो

सी भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रामातले बिनवापराचे मॅक्रो काढायचं काम सध्या आमच्या नातवाकडे आहे. मॅक्रो म्हणजे काय, तर आधी सांगून ठेवायचं की पुढे अमुक नाव आलं की त्या जागी तमुक मजकूर घाल. ही अदलाबदल कंपायलरचं खरं काम सुरू होण्याआधीच उरकते. त्यामुळे जो वापरलाच नाही तो तयार प्रोग्रामात उतरतच नाही. मी म्हटलं, मग पडून राहू दे की! तर म्हणतो, "आजी, वाचणाऱ्याचा जीव जातो ना."

पण वापरात नाही हे ठरवायचं कसं? जीसीसी हा कंपायलर सांगितलं तर असे मॅक्रो दाखवतो, पण त्याच फाइलीत लिहिलेले. हेडर फाइलीतल्यांबद्दल तो गप्प, कारण ती फाइल आणखी कोण वापरतंय हे त्याला दिसत नाही. शोधूनही भागत नाही. काही नावं दोन तुकडे जोडून ऐनवेळी तयार होतात. असंच कुठेही न सापडलेलं एक नाव त्याने काढलं आणि एका जुन्या मशीनसाठीचं बिल्ड कोसळलं.

आमच्या शिरूरचंच बघा. कागदोपत्री शिरूर, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. कशाला हवं ते नाव, असं वाटेल. पण बीडकडे शिरूर कासार, लातूरकडे शिरूर अनंतपाळ. पत्ता सांगताना घोडनदी लागतंच!

मला यावरून अनुस्वार आठवले. लहानपणी आम्ही नांव, पांच, केलें असं लिहायचो. उच्चार नाही, पण टिंब हवं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि ही टिंबं गेली. दौंडला मी शिकवायला लागले तेव्हा ती शिकवावीच लागली नाहीत. मात्र सरसकट पुसली नाहीत, हे मला फार आवडतं. अनेकवचनाचं टिंब राहिलं. पूर्वी घर एक असो की दहा, 'घरांत'च. आता एका घराला 'घरात', अनेकांना 'घरांत'. फालतू टिंबं गेली म्हणून उरलेल्याला अर्थ आला.

नुकसानही झालं. 'तें' म्हणजे वस्तू, 'ते' म्हणजे माणसं, हा फरक गेला. परवा नातीने कपाटातलं एक जुनं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "आजी, इतक्या छपाईच्या चुका?"