दुसऱ्यांदा वाचलेली कथा

कथा लिहायला शिकता येत नाही, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. धर्मापुरीत वाढलेल्या माणसाला गोष्टी शोधत हिंडावं लागत नाही. दसरा उलटला की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मागं घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. एवढं जगणं दारात असताना दुसऱ्याच्या कथेची चिरफाड कशाला करायची? शिवाय धास्तीही होती. व्यंकटेश माडगूळकर फार बारकाईनं वाचले तर माझी माणसं माणदेशी बोलू लागतील, असं वाटायचं.

आज माझं मत नेमकं उलट आहे. ते बदललं भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मुळं.

ही कथा मी पूर्वी वाचली होती आणि हलून गेलो होतो. पुढं कधीतरी ती ओळीनं वहीत उतरवून काढली. शेतकरी टोमॅटो घेऊन बाजारात येतो, भाव पडलेला असतो, शेवटी तो स्वतः पिकवलेला माल पायांखाली तुडवतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांगतो कोण? त्याचा मुलगा. लिहून काढताना हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं. मग तीच हकिकत बापाच्या तोंडून सांगून पाहिली. लगेच खत आलं, मजुरी आली, व्याज आलं, सरकार आलं. यातलं काहीच खोटं नव्हतं, पण कथेचं गाऱ्हाणं झालं. मुलाला शेतीचा हिशेब सांगायचा नसतो; तो बापाकडं बघत असतो. म्हणून आपणही बघतो.

त्यानंतर ‘माणदेशी माणसं’ पुन्हा हातात घेतलं. ते 1949 सालचं पुस्तक. त्यातल्या धर्मा रामोशाला जुनं धोतर मिळतं, तरी तो आहे तसाच दिसतो. ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर असल्याचं आपल्याला शेवटी कळतं. हीच माहिती आधी आली असती, तर आपण हळहळून पान उलटलं असतं. माडगूळकर ती राखून ठेवतात, त्यामुळं धर्माबद्दल आधी प्रश्न पडतो आणि मग तो पडल्याची लाज वाटते. एका माहितीची जागा एवढं करू शकते, हे मला अनुभवानं कधीच शिकवलं नसतं.

आमच्या गावच्या चालुक्यकालीन केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. घडवणाऱ्यांपुढं परंपरेनं आलेली मापं होती, तरी मूर्तीमूर्तीची ढब वेगळी आहे. हे लहानपणापासून बघूनही कथेच्या बाबतीत मी मापाला भीत राहिलो.

माझ्या एका जुन्या कथेत पहिल्याच परिच्छेदात उचल म्हणजे काय, ती फिटता फिटत का नाही, हे सगळं समजावून दिलेलं होतं. ती मी आता नव्यानं लिहिली. मुकादम दारात आलेला आहे आणि नातवंडं सांभाळायला मागं राहणारी आजी त्याच्यासाठी चहा टाकते. उचलीचा आकडा कुठंच नाही. आणि गंमत अशी की ज्या बोलीसाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, ती या खर्ड्यात आधीपेक्षा मोकळी आली. समजावणं निघून गेल्यावर आजीला बोलायला जागा मिळाली.

जुनी धास्ती एका ठिकाणी मात्र अजून खरी आहे. जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ मी असं उतरवून काढलेलं नाही. त्यांच्या वाक्याची लय अंगात भिनते आणि दोन पानांत माझा ऊसतोड्या नियतीबद्दल बोलू लागतो. नवी कथा हातात असते तेव्हा ते पुस्तक मी कपाटातच ठेवतो.