दाखल्यावरची एक जून

दसरा झाला की आमच्या शाळेचा पट गळायला लागतो. आज दोन, उद्या पाच. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरते तेव्हा निम्मे वर्ग ओस असतात आणि गावात म्हातारीकोतारी माणसं, कुत्री आणि शिक्षक एवढेच उरतात. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या बहुतेक गावांची हीच गत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, कुठल्याही तालुक्यात जा. माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर पार बेळगावकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसऱ्याच्या आसपास आम्हा शिक्षकांचं एक काम ठरलेलं असतं. संध्याकाळी वस्तीवर जायचं, ओट्यावर बसायचं, आणि आईबापांना सांगायचं की तुम्ही जा, पण लेकरं इथं ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. न घातलं तर काय, याबद्दल कायदा पालकाला कसलीच शिक्षा सांगत नाही. म्हणजे आमच्या हातात विनवणी आणि हंगामी वसतिगृहाचं आश्वासन, एवढंच. वसतिगृह हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात शाळा व्यवस्थापन समिती शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण शिजवते, आणि मूल रात्री आजीकडे नाहीतर चुलत्याकडे झोपतं.

अशाच एका ओट्यावर एक बाप माझ्याशी तासभर भांडला. घरात तीन लेकरं. थोरली नववीत, हायस्कूलला जाणारी. मधला आमच्याकडे चौथीत. धाकटी अजून अंगावर पिणारी. मी म्हटलं, दोघं मोठी ठेवून जा.

"आन् पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू? म्हातारीला रातीचं दिसत न्हाई. काय झालं तर तुमी जबाबदारी घेता का, मॅडम?"

त्याचं चूक होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो एक गोष्ट बोलत नव्हता, ती त्याच्या बायकोनं भाकरी थापता थापता बोलून टाकली. थोरली बरोबर आली नाही तर फडात धाकटीला कोण सांभाळणार? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती या जोडीला. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. तान्ह्या लेकरासाठी आई घरी बसली की कोयता मोडला. एक दिवस खाडा झाला की तो पैसा उचलीतून वळता होतो. मग पाचटाच्या खोपीत लेकरू सांभाळायला, पाणी आणायला, रांधायला थोरली हवीच. एकदा उचल घेतली की पोरीला ठेवायचं की न्यायचं, हे त्या बापाच्या हातात फारसं उरत नव्हतं. मुकादमाच्या वहीत तो हिशेब आधीच मांडलेला होता.

मधला मुलगा राहिला, आजीपाशी. थोरली गेली. हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांचं, त्यामुळे तिच्यासाठी माझ्याकडे द्यायला तसंही काही नव्हतं. मुलाचं जेवण सुरू व्हायलाही उशीर झाला. मंजुरी वरून आली तेव्हा ट्रक जाऊन बरेच आठवडे उलटले होते आणि तोवर त्या पोराच्या आजीनं चुलीपुढे डोळे चोळत दोन वेळच्या भाकरी केल्या होत्या. सरकारला पालकांकडून काही मागायचं असेल तर ट्रक सुटायच्या आधी मागावं आणि आधी द्यावंही. ही गोष्ट मी दरवर्षी बैठकीत सांगते, दरवर्षी ती इतिवृत्तात लिहिली जाते.

सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे गेले की वेगळाच वाद कानावर पडतो. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हँगरमध्ये एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं काढून घेतली. मुलाला हातानं भरवणं, आपल्याच अंथरुणात झोपवणं यांवरही बोट ठेवलं गेलं, असं आईबापांचं म्हणणं होतं. परराष्ट्र मंत्रालयापर्यंत प्रकरण गेलं, २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली, पुढच्या वर्षी कोलकाता उच्च न्यायालयानं ती आईकडे दिली. २०२३ मध्ये त्यावर राणी मुखर्जीचा सिनेमा आला आणि सगळ्या दिवाणखान्यांत पुन्हा संताप उसळला, की कुठलं हे सरकार, आईच्या मांडीवरून मूल ओढतं! संताप रास्तच होता. पण त्याच दिवाणखान्यात, त्याच चहाबरोबर, मला सांगितलं जातं की तुमच्या त्या ऊसतोडवाल्यांना जरा कायद्याचा बडगा दाखवायला हवा, लहान लहान पोरींची लग्नं लावतात. घरात सरकार नको असतं ते आपल्या. दुसऱ्याच्या खोपीत ते खुशाल वाकून शिरावं, असं आपल्याला वाटतं.

मला विचाराल तर ते शिरावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीडमध्ये हाच आकडा ४३.७ आहे. ज्या पोरींना मी बाराखडी शिकवली त्यांतल्या काही जणी पुढे कुठल्यातरी हंगामात कपाळभर कुंकू लावून त्याच ट्रकवर चढलेल्या पाहिल्या आहेत. यात आईबापाचं दुष्टपण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. पोरीला गावात ठेवायची भीती, फडात न्यायची त्याहून जास्त, आणि लग्न लावलं की ती जबाबदारी दुसऱ्या घरची. शिवाय त्या घरचा अर्धा कोयता पुरा होतो.

वैशाखात त्या थोरलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी १०९८ वर कुणीतरी फोन केला. चाइल्ड हेल्पलाइनचा हा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे, हायस्कूलच्याही भिंतीवर आहे. फोन मी केला असं अर्ध्या गावाला अजून वाटतं. मी केला नव्हता. कुणी केला ते मला ठाऊक आहे आणि ते मी सांगणार नाही.

ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले, मागून पोलिसांची गाडी. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळांना तो मांडवात येऊन उभा राहीपर्यंत माहीत नसतं. कढईत बुंदी पडत होती. आचाऱ्यानं गॅस बंद करावा की नाही, हे विचारायला तो इकडून तिकडे फिरत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. नवऱ्याकडची चार माणसं आली होती, ती हळूच उसाच्या ट्रॅक्टरमागं सरकली. ग्रामसेवकांनी बापाला बाजूला घेऊन २००६ चा कायदा सांगितला. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, भटजीलासुद्धा. बाईला मात्र या कायद्याखाली कैद होत नाही. हे ऐकल्यावर मुलीची आजी पुढे झाली आणि म्हणाली, मग मीच लावलं म्हणून लिवा!

हसू कुणालाच आलं नाही, पण म्हातारीची अक्कल मानली पाहिजे.

मग प्रश्न आला वयाचा. बाप म्हणाला, पोरगी अठराची झालीय. आई म्हणाली, सतरावं चालूय. जन्मनोंद ग्रामपंचायतीत नव्हती, कारण पोर जन्मली सांगलीकडे, फडाच्या कडेच्या खोपीत, आणि तिथं ती कोण नोंदवणार? बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना शाळेचा दाखला वरच्या नंबराला येतो. त्यामुळे शाळेत माणूस धाडण्यात आला आणि सुट्टीतलं कुलूप उघडून मी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं.

ते रजिस्टर एकदा बघायला हवं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, वाळवीनं कोपरा कुरतडलेलं. जन्मतारखेच्या रकान्यात बोट फिरवत खाली या. १ जून, १ जून, १ जून, मध्येच एखादी १२ ऑगस्ट, पुन्हा १ जून. अख्खा मराठवाडा एक जूनला जन्मलाय असं वाटावं. आईबाप तारीख सांगू शकत नसत, गुरुजी पोराकडे बघून अंदाज करत आणि शाळेच्या वर्षाला सोयीची पडेल ती तारीख टाकून मोकळे होत. या मुलीच्या नावापुढेही एक जूनच होती. पहिलीत आली तेव्हा ती सहाची असं धरून वर्ष लिहिलेलं. त्याआधीचे दोन हंगाम ती आईबापाबरोबर फडात होती, म्हणून शाळेत उशिरा आली, हे गुरुजींना कुणी सांगितलं नसावं. दाखल्यानुसार तिला पंधरावं पूर्ण व्हायला अजून काही दिवस होते. आईच्या हिशेबानं सतरावं चालू होतं. दोन्हींतलं कुठलंही धरलं तरी अठराच्या आतच. लग्न थांबलं.

दुसऱ्या दिवशी बीडला बालकल्याण समितीपुढे सगळे उभे. लग्न लावून दिलं जाण्याचा धोका असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, असं २०१५ चा बाल न्याय अधिनियम मानतो. त्यामुळे मुलीला चोवीस तासांच्या आत तिथं न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य असं हे मंडळ. आधी त्यांनी मुलीला एकटीला आत घेतलं. आईबाप बाहेर बाकावर, आणि बाप माझ्याकडे बघायलाही तयार नाही.

"मपली पोर, मपल्याला न विचारता आत नेली," एवढंच तो दोनदा म्हणाला.

या वाक्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, वय दहावरून बारावर न्यायचं होतं, तेव्हा लोकमान्य टिळकांनी केसरीतून त्याला कडाडून विरोध केला. लवकर लग्नं चालू राहावीत असा त्यांचा आग्रह नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच सुचवलं होतं की सुधारकांनी मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही असं स्वतः लिहून द्यावं. परक्या सरकारनं घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. उलट १९१७ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण लावलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हे. पण सक्तीबरोबर महाराजांनी शाळा काढल्या, खजिन्यातून पैसा घातला. मला त्या बाकावर बसून शाहूंचीच बाजू पटत होती. फक्त आमच्या बाबतीत दंडाचं कलम वेळेवर पोचलं आणि शाळेचा शिधा मागे रेंगाळला, हे विसरता येत नव्हतं. वैशाखात अर्ध्या दिवसात आलेलं सरकार ऑक्टोबरमध्ये कुठं होतं, असं त्या बापानं विचारलं असतं तर मला तोंड नव्हतं. त्यानं विचारलं नाही. तो फक्त समितीच्या दाराकडे बघत होता.

आत मुलीनं सांगितलं की शिकायचं आहे, आणि वडलांना आत टाकू नका. समितीनं बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही म्हणून. मुलीला लगेच घरी धाडायचं की नाही यावर आत बराच वेळ खल झाला असावा, कारण आम्हाला दुपार टळेपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी ती घरी गेली आणि नव्या वर्षी तालुक्याच्या गावी संत भगवानबाबा वसतिगृहात दहावीला दाखल झाली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्यानं ४१ तालुक्यांत अशी ८२ वसतिगृहं मंजूर केली आहेत. मुलीला तिथं सोडायला बाप स्वतः गेला. खोलीच्या खिडकीला गज आहेत का, रात्री बाई कोण असते, फाटक किती वाजता लागतं, हे सगळं त्यानं विचारून घेतलं. मागच्या दसऱ्याला ओट्यावर मला विचारलेला प्रश्नच तो तिथं विचारत होता, आणि या वेळी त्याला उत्तर देणारं कुणीतरी होतं.

गणपतीत मुलगी सुट्टीला आली तेव्हा बाप तिला घेऊन शाळेत आला. त्याला दाखल्यावरची तारीख दुरुस्त करून हवी होती. हमीपत्रात अठरा म्हटलंय, मग अठरा कुठून मोजायची? आईच्या हिशेबानं वर्ष-दीड वर्षात, रजिस्टरच्या हिशेबानं अजून तीन वर्षांनी. मी सांगितलं की तारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि जन्माचा पुरावा लागतो.

"पुरावा काय, तिची आई हाय की."

मुलगी इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मॅडम. एक जूनच बरी हाय."

बापानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मधल्याचं विचारलं, की औंदा जेवण कधी सुरू होणार? मी म्हटलं, प्रस्ताव जुलैतच पाठवलाय.

"मंजुरी आली का?"

"नाही अजून."

"मग म्हातारीला सांगून ठेवतो," तो म्हणाला.